विश्लेषण : युद्धावर पैज, देशाच्या कर्जावर पैज… ब्रिटिश नेते चार्ल्स जेम्स फॉक्स यांची कारकीर्द राजकीय सट्ट्याबद्दल काय सांगते?

निवडणूक जाहीर झाली की उमेदवारांच्या याद्यांइतकीच चर्चा सट्टाबाजारातील भावांची होते. राजस्थानातील फलोदीचा भाव काय, कोणत्या पक्षाला किती जागा धरल्या आहेत, याचे आकडे मोबाइलवर फिरू लागतात. अमेरिकेत २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉलिमार्केट आणि काल्शी या ऑनलाइन मंचांवरील भाव जनमत चाचण्यांच्या बरोबरीने दाखवले गेले. पण राजकीय घडामोडींवर पैसे लावण्याची सवय इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये खासदार, सरदार आणि सेनापती स्वतःच युद्ध, कर्ज आणि मंत्रिपदांवर पैजा लावत. त्या क्लबच्या वहीत लिहून ठेवत आणि मग संसदेत जाऊन त्याच विषयांवर भाषणे करत. या मंडळींतील सर्वांत गाजलेले नाव म्हणजे चार्ल्स जेम्स फॉक्स. ईस्ट इंडिया कंपनीला लगाम घालू पाहणारे आणि त्यापायी सत्ता गमावणारे हेच ते नेते. त्यांच्या आयुष्याचा हा आढावा.

फॉक्स कोण होते?

फॉक्स यांचा जन्म २४ जानेवारी १७४९ रोजी लंडनमध्ये झाला. आई लेडी कॅरोलिन लेनॉक्स या ड्यूक ऑफ रिचमंड यांच्या कन्या. त्यांच्याकडून फॉक्स यांचे नाते थेट राजा दुसरा चार्ल्स याच्यापर्यंत पोहोचत होते. वडील हेन्री फॉक्स, म्हणजे पुढचे लॉर्ड हॉलंड, हे त्या काळातील मुरलेले राजकारणी. १७५७ ते १७६५ या काळात ते लष्कराचे पगार वाटणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. लष्करासाठी आलेली रक्कम हिशेब पूर्ण होईपर्यंत या अधिकाऱ्याच्या हाती राहत असे आणि तिच्यावरचा नफा त्याने स्वतःकडे ठेवला तरी तो नियमबाह्य मानला जात नसे. या पदावर हेन्री फॉक्स यांनी प्रचंड संपत्ती जमवली. १७६९ मध्ये लंडन शहराच्या नागरिकांनी राजाला दिलेल्या अर्जात त्यांच्यावर सरकारी पैशांचा हिशेब न दिल्याचा ठपका ठेवला होता. हा डाग पुढे मुलाच्याही वाट्याला आला.

ईटन आणि ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर फॉक्स १७६८ मध्ये मिडहर्स्ट या मतदारसंघातून खासदार झाले. तेव्हा त्यांचे वय १९ होते. खासदारकीसाठी किमान वय २१ असण्याचा नियम होता, पण बड्या घरातल्या मुलाकडे कोणी जन्मतारीख मागितली नाही. १७७० मध्ये ते नौदल खात्यात कनिष्ठ मंत्री झाले. नंतर राजघराण्याच्या विवाहांवर राजाचे नियंत्रण आणणाऱ्या कायद्याला विरोध करत त्यांनी पद सोडले, वर्षअखेरीस ते अर्थखात्यात परतले आणि १७७४ मध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी त्यांना काढून टाकले. त्यानंतरचे जवळपास सगळे राजकीय आयुष्य त्यांनी विरोधी बाकांवर काढले.

जुगाराचा नाद कसा लागला?

याचे उत्तर घरातच मिळते. मुलाला कशालाही नाही म्हणायचे नाही, हे हेन्री फॉक्स यांचे धोरण होते. १७६३ मध्ये त्यांनी १४ वर्षांच्या चार्ल्सला शाळेतून काढून युरोपच्या सफरीवर नेले आणि जुगाराच्या टेबलावर बसण्यासाठी रोज रात्री पैसे दिले. विशीत येईपर्यंत फासे, पत्ते आणि घोड्यांच्या शर्यती हे फॉक्स यांचे नित्याचे झाले होते.

फेब्रुवारी १७७२ मधील एक प्रसंग त्या काळात खूप गाजला. चर्चच्या नियमावलीवर सही करण्याच्या सक्तीबाबत संसदेत चर्चा होती. फॉक्स त्यात बोलले, पण त्याआधी ते २२ तास सलग फासे खेळत बसले होते आणि त्यात ११ हजार पौंड हरले होते. इतिहासकार एडवर्ड गिबन यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात ही हकिगत टिपली आहे. मरण्यापूर्वी लॉर्ड हॉलंड यांना मुलाचे सुमारे १ लाख २० हजार पौंडांचे कर्ज फेडावे लागले. जुलै १७७४ मध्ये आई आणि वडील दोघेही गेले. कर्ज फेडणारा हात गेला, सवय मात्र राहिली.

पैजांची वही हा काय प्रकार होता?

लंडनमधील उच्चभ्रू क्लबांमध्ये पैजांची एक वही ठेवलेली असे. दोन सदस्यांत पैज ठरली की अटी, रक्कम आणि तारीख त्या वहीत लिहायची, निकाल लागला की पैसे द्यायचे. कोणाचे लग्न कधी होणार इथपासून कोणता मंत्री कधी पडणार इथपर्यंत विषय चालत. व्हाइट्स आणि ब्रूक्स हे त्यातील दोन नामांकित क्लब. ब्रूक्समध्ये व्हिग पक्षाचे नेते जमत आणि फॉक्स तिथले केंद्रस्थान होते.

यात दोन व्यवहार सरमिसळ झालेले दिसतात. क्लबमध्ये बसून चालू घडामोडींवर वाद घालायचा, मुद्दा अडला की पैज लावायची. पैज लावल्यामुळे बोलणाऱ्याला आपले मत नेमके करावे लागे. काय घडणार, कधी घडणार आणि न घडल्यास आपले किती जाणार, हे कागदावर यायचे. भाषणात यातले काहीच बंधनकारक नसते. ही त्या वहीची जमेची बाजू. अडचण दुसरीकडे होती. पैज लावणारे लोक प्रेक्षक नव्हते, ज्या घटनेवर पैसे लावले ती घडवण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात होता.

देशाच्या कर्जावरची पैज काय होती?

११ मार्च १७७५ रोजी वहीत एक नोंद झाली. लॉर्ड बोलिंगब्रोक यांनी फॉक्स यांना एक गिनी दिली. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडापेक्षा किंचित जास्त. ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज १७ कोटी १० लाख पौंडांवर गेले तर फॉक्स यांनी बोलिंगब्रोक यांना एक हजार गिनी द्यायच्या, असे ठरले. पुढे आणखी एक अट होती. फॉक्स राजाच्या मंत्रिमंडळात जाईपर्यंत ही रक्कम मागायची नाही.

आजच्या भाषेत हा एकास हजार भाव झाला. हिशेब करायचा तर, या दोन्ही गोष्टी घडण्याची शक्यता हजारात एकाहून कमी असेल तरच हा सौदा फॉक्स यांच्या फायद्याचा ठरतो. तेव्हा ब्रिटनचे कर्ज १३ कोटी पौंडांच्या आसपास होते. म्हणजे ते सुमारे एक तृतीयांशाने वाढायला हवे होते आणि सरकारने हाकलून दिलेला २६ वर्षांचा खासदार मंत्री व्हायला हवा होता. भाव इतका मोठा का, हे यावरून कळते. मात्र पैजेत अखेरची तारीख नव्हती. मुदत नसलेल्या सौद्यात दुर्मीळ घटनेलाही घडायला भरपूर वेळ मिळतो.

पाचच आठवड्यांनी, एप्रिल १७७५ मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे गोळीबार झाला आणि वसाहतींचे युद्ध सुरू झाले. योगायोग असा की त्याच मार्च महिन्यात इकडे रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला होता आणि त्यातून पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटले. एकीकडे कंपनीची तिजोरी रिकामी होऊ लागली, दुसरीकडे अमेरिकेतील युद्धाने ब्रिटनचे कर्ज फुगले. युद्ध संपले तेव्हा ते २३ कोटी पौंडांच्या घरात होते. फॉक्स मार्च १७८२ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले, तोवर १७ कोटी १० लाखांचा आकडा मागे पडला होता. हजारात एक वाटलेल्या दोन्ही गोष्टी सात वर्षांत घडल्या.

यातला विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. वसाहतींशी संघर्ष करू नका, हे फॉक्स त्याच काळात संसदेत सांगत होते. युद्धाची किंमत मोजावी लागेल, हा त्यांचा युक्तिवाद बरोबर ठरला. पैज लावताना मात्र त्यांनी त्याच किमतीचा अंदाज कमी धरला.

सेनापतीशी लावलेली पैज कोणी जिंकली?

दुसरी पैज १७७६ च्या नाताळातील. जनरल जॉन बर्गॉइन हे सेनापती होते, खासदार होते आणि नाटककारही होते. पुढच्या नाताळापर्यंत आपण अमेरिकेतून विजयी होऊन परतू, अशी पैज त्यांनी फॉक्स यांच्याशी ५० गिनींची लावली. म्हणजे जो माणूस लढाईची योजना आखत होता तोच तिच्या निकालावर पैसे लावत होता.

बर्गॉइन कॅनडातून दक्षिणेकडे निघाले. १७ ऑक्टोबर १७७७ रोजी साराटोगा येथे साडेपाच हजारांहून अधिक सैन्यासह त्यांना शरणागती पत्करावी लागली. डिसेंबरच्या सुरुवातीला ही बातमी लंडनला पोहोचली. फॉक्स पैज जिंकले. या पराभवानंतर फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला.

फॉक्स यांनी हा मुद्दा क्लबमध्ये सोडून दिला नाही. २ फेब्रुवारी १७७८ रोजी त्यांनी संसदेत प्रस्ताव मांडला की देशातील उरलेले सैन्य अमेरिकेत पाठवू नये. प्रस्ताव २५९ विरुद्ध १६५ मतांनी फेटाळला गेला, पण सत्ताधाऱ्यांसाठी १६५ हा आकडाच धक्का होता. विशेष म्हणजे पराभूत होऊन परतलेले बर्गॉइन यांना सरकारने वाऱ्यावर सोडले, तेव्हा संसदेत त्यांच्या पाठीशी फॉक्स उभे राहिले. बर्गॉइन पुढे विरोधकांच्या गोटात आले.

वादविवादात फॉक्स यांची ताकद कशात होती?

फॉक्स लिहून आणलेले भाषण करत नसत. त्यांची खरी ताकद उत्तर देण्यात होती. प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा ते आधी त्याच्यापेक्षाही नीट मांडून दाखवत आणि मग तो खोडत. आवाज फारसा गोड नव्हता, कपडे अजागळ असत, तेच तेच मुद्दे ते पुन्हा सांगत. तरी त्यांचे ऐकायला सभागृह भरत असे. राग धरून न ठेवण्याच्या स्वभावामुळे त्यांना मित्रही भरपूर होते.

पण हीच माणसे त्यांची रात्र कुठे जाते हेही जाणून होती. १७८१ मध्ये फॉक्स यांनी मित्र रिचर्ड फिट्झपॅट्रिक यांच्यासोबत ब्रूक्समध्ये फारो या पत्त्यांच्या खेळाची बँक चालवली. या खेळात बँक चालवणाऱ्याच्या बाजूने हिशेब झुकलेला असतो, त्यामुळे पैसे येऊ लागले. तरीही त्याच वर्षी घेणेकऱ्यांनी त्यांच्या घरातील सामान जप्त केले. फारोतून आलेले पैसे इतर खेळांत आणि न्यूमार्केटच्या घोड्यांवर जात होते. आयुष्यभरात ते जुगारात सुमारे दोन लाख पौंड हरले, असा अंदाज केला जातो.

भारताविषयीचे विधेयक काय होते?

मार्च १७८२ मध्ये नॉर्थ सरकार पडले आणि फॉक्स परराष्ट्रमंत्री झाले. जुलैमध्ये पंतप्रधान रॉकिंगहॅम यांचे निधन झाले, तेव्हा नव्या पंतप्रधानांशी पटणार नाही म्हणून फॉक्स यांनी राजीनामा दिला. १७८३ मध्ये त्यांनी लॉर्ड नॉर्थ यांच्याशी हातमिळवणी केली. ज्यांच्या अमेरिका धोरणावर त्यांनी इतकी वर्षे कोरडे ओढले त्यांच्यासोबतच सत्तेत बसल्याने लोक चकित झाले. राजा तिसरा जॉर्ज तर संतापला.

याच सरकारपुढे भारताचा प्रश्न होता. मराठ्यांशी झालेल्या युद्धाचा खर्च, म्हैसूरचे युद्ध आणि कर्मचाऱ्यांची लूट यांमुळे कंपनी कर्जबाजारी झाली होती. मे १७८२ मध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांना परत बोलवावे, असा ठराव कॉमन्स सभागृहाने केला होता. त्याच महिन्यात इकडे सालबाईचा तह झाला.

१८ नोव्हेंबर १७८३ रोजी फॉक्स यांनी विधेयक मांडले. त्याच्या रचनेत एडमंड बर्क यांचा मोठा वाटा होता. कंपनीचा कारभार लंडनमधील सात आयुक्तांकडे चार वर्षांसाठी द्यायचा, त्यांची नेमणूक संसदेने करायची, असे त्याचे स्वरूप होते. व्यापारी कंपनी लाखो लोकांवर राज्य करत असेल तर तिने संसदेला उत्तर दिले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. ते आजही चुकीचे वाटत नाही.

मग विधेयक का पडले?

सातही आयुक्त फॉक्स आणि नॉर्थ यांच्या गोटातले होते, त्यात नॉर्थ यांचा मुलगाही होता. भारतातील नोकऱ्या आणि कंत्राटे वाटण्याचा अधिकार त्यांच्या हाती जाणार होता. विरोधकांनी प्रश्न तत्त्वावरून माणसावर आणला. ज्याच्या घरावर जप्ती येऊन दोन वर्षे झाली, ज्याच्या वडिलांवर सरकारी पैशांवर गब्बर झाल्याचा आरोप होता, त्याच्या माणसांना हिंदुस्थानची तिजोरी द्यायची का, असा प्रचार झाला. व्यंगचित्रकार जेम्स सेयर्स यांनी फॉक्स यांना भारतीय बादशहाच्या वेषात हत्तीवर बसवून कंपनीच्या मुख्यालयाकडे निघालेले दाखवले. हत्तीला तोंड नॉर्थ यांचे होते. हे चित्र घरोघरी पोहोचले.

कॉमन्समध्ये विधेयक २०८ विरुद्ध १०२ मतांनी मंजूर झाले. लॉर्ड्स सभागृहात मात्र राजाने निरोप पाठवला की याच्या बाजूने मत देणारा आपला मित्र नव्हे. १७ डिसेंबरला लॉर्ड्सनी ते ९५ विरुद्ध ७६ मतांनी फेटाळले. दुसऱ्या रात्री सरकार बरखास्त झाले आणि २४ वर्षांचे विल्यम पिट पंतप्रधान झाले.

पिट सरकार नाताळाच्या फराळाबरोबर संपेल, अशी चेष्टा फॉक्स यांच्या वर्तुळात सुरू होती. पिट १८०१ पर्यंत सलग सत्तेत राहिले. १७८४ मध्ये त्यांनी आणलेल्या भारतविषयक कायद्याने कंपनीवर सरकारी नियंत्रण मंडळ बसवले. म्हणजे कंपनीवर अंकुश हवा, हा मुद्दा देशाने मान्य केला. फक्त तो अंकुश फॉक्स यांच्या हाती द्यायला देश तयार नव्हता.

१७८४ च्या निवडणुकीत काय झाले?

पिट यांनी निवडणूक घेतली आणि फॉक्स यांचे अनेक समर्थक पराभूत झाले. स्वतः फॉक्स लंडनच्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघातून उभे होते. तिथे दोन जागांसाठी तीन उमेदवार होते. मतदान १ एप्रिल ते १७ मे असे ४० दिवस चालले. मत उघडपणे द्यायचे असे आणि रोजची बेरीज सर्वांना कळत असे. डचेस ऑफ डेव्हनशायर जॉर्जियाना यांनी फॉक्स यांच्यासाठी रस्त्यावर उतरून प्रचार केला. सुरुवातीला मागे असलेले फॉक्स अखेर दुसऱ्या क्रमांकावर आले. तरी निवडणूक अधिकाऱ्याने निकाल अडवून फेरतपासणी सुरू केली. ती मार्च १७८५ मध्ये थांबली आणि फॉक्स यांना ती जागा मिळाली. पुढे न्यायालयाने त्या अधिकाऱ्याकडून त्यांना दोन हजार पौंड भरपाईही देवविली.

निवडणुकीवरच्या पैजेबद्दल न्यायालय काय म्हणाले?

तेव्हा इंग्लंडच्या कायद्यात पैज सरसकट बेकायदा नव्हती, हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर खटला भरता येत असे. १७८५ मध्ये ॲलन विरुद्ध हर्न हा खटला सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे आला. दोन मतदारांनी निवडणुकीच्या निकालावर आपसात पैज लावली होती. न्यायालयाने ती रद्द ठरवली. दोघांनाही मत होते, म्हणून पैज लागताच त्यांच्या मताला पैशाची किंमत आली. पैज लावताना लाच देण्याचा हेतू नसला तरी परिणाम लाचेसारखाच होऊ शकतो, असा या निकालाचा आशय होता.

हा निकष लावला तर क्लबच्या वहीतील अनेक नोंदी टिकल्या नसत्या. कर्ज वाढल्यास हजार गिनी देणे लागणारा खासदार सरकारी कर्जाच्या प्रस्तावावर मत देणार होता. आज याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात.

राजाच्या आजारपणाचा डाव कसा उलटला?

१७८८ च्या नोव्हेंबरमध्ये राजा गंभीर आजारी पडला, त्याचे मानसिक संतुलन ढळले. युवराज प्रिन्स ऑफ वेल्स हे फॉक्स यांचे मित्र. ते राजप्रतिनिधी झाले तर पिट जाणार आणि फॉक्स येणार, हे उघड होते. इटलीत असलेले फॉक्स घाईने परतले. त्यांच्या गटात मंत्र्यांच्या याद्याही तयार होऊ लागल्या.

१० डिसेंबरला फॉक्स यांनी संसदेत सांगितले की युवराजांना हा अधिकार जन्मानेच आहे. राजापेक्षा संसद मोठी, हे आयुष्यभर सांगणाऱ्या नेत्याने अचानक वारसाहक्काची बाजू घेतली होती. पिट यांनी ही संधी साधली. अधिकार कोणाला आणि किती द्यायचा हे संसद ठरवेल, अशी भूमिका घेत त्यांनी चर्चा लांबवली. फेब्रुवारी १७८९ मध्ये राजा बरा झाला. या वेळी वहीत काही लिहिलेले नव्हते, पण व्यवहार पैजेचाच होता. एका माणसाच्या तब्येतीवर पक्षाने तत्त्व पणाला लावले आणि ते गमावले.

जुगार थांबला, तेव्हा काय बदलले?

फ्रेंच राज्यक्रांतीचे फॉक्स यांनी स्वागत केले. बर्क यांना ती अराजकाची नांदी वाटली. ६ मे १७९१ रोजी भर सभागृहात बर्क यांनी २५ वर्षांची मैत्री संपल्याचे जाहीर केले, तेव्हा फॉक्स यांना अश्रू आवरले नाहीत. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले. पुढच्या वर्षी पक्षातील बडे नेते पिट यांना मिळाले आणि फॉक्स यांच्यासोबत पन्नासेक खासदार उरले.

याच १७९३ मध्ये मित्रांनी वर्गणी काढून त्यांची कर्जे फेडली आणि वार्षिक उत्पन्नाची सोय केली. त्यानंतर फॉक्स यांनी जुगार सोडला. चर्ट्सीजवळच्या घरी ते एलिझाबेथ आर्मिस्टेड यांच्यासोबत राहू लागले. समाजात त्यांच्या पूर्वायुष्याची कुजबुज होती. १७९५ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केले आणि १८०२ मध्ये ते जाहीर केले.

क्रांतीच्या भीतीने सरकारने सभा आणि लेखनावर निर्बंध आणले, तेव्हा त्यांना विरोध करणाऱ्यांत फॉक्स अग्रभागी होते. बदनामीच्या खटल्यात लेख गुन्हा ठरतो की नाही हे ज्युरीने ठरवावे, हा १७९२ चा कायदा त्यांनीच आणला. गुलामांच्या व्यापारावर बंदी आणण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला त्यांनी साथ दिली. १७९६ मध्ये त्यासाठीचे विधेयक ७४ विरुद्ध ७० असे अवघ्या चार मतांनी पडले. यातल्या कशावरही चटकन निकाल लागणारा नव्हता, आणि पैज लावली असती तर ते वर्षानुवर्षे हरतच राहिले असते.

अखेरच्या सात महिन्यांत काय साधले?

जानेवारी १८०६ मध्ये पिट यांचे निधन झाले. लॉर्ड ग्रेनव्हिल यांच्या सरकारमध्ये फॉक्स तिसऱ्यांदा परराष्ट्रमंत्री झाले. पद घेतल्यानंतर काही दिवसांतच एका माणसाने त्यांच्याकडे येऊन नेपोलियनच्या खुनाची योजना सांगितली. फॉक्स यांनी त्याला अडकवून ठेवले आणि शत्रूदेश असलेल्या फ्रान्सला सावध केले.

त्या काळात नेपोलियनच्या आयुष्यावरही पैज लागली होती. १८०२ मध्ये एका धर्मगुरूने १०० गिनी देऊन एका सरदाराशी सौदा केला होता की नेपोलियन जिवंत असेपर्यंत सरदाराने रोज एक गिनी द्यायची. जवळपास तीन वर्षे पैसे देऊन सरदार थांबला. १८१२ मध्ये न्यायालयाने ही पैजही अमान्य केली. एकाला शत्रू जगण्यात आणि दुसऱ्याला तो मरण्यात पैशाचा स्वार्थ निर्माण होतो, हे त्यामागचे एक कारण होते.

१० जून १८०६ रोजी फॉक्स यांनी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव मांडला. तो ११४ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाला. १३ सप्टेंबर १८०६ रोजी चिझिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. बंदीचा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी पिट यांच्याजवळच पुरण्यात आले.

आज याचा संदर्भ काय?

भारतात १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो, त्यावरून पैसे वसूल करता येत नाहीत. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. ब्रिटनमध्ये मात्र परवानाधारक कंपन्यांकडे निवडणुकीवर पैज लावता येते. तिथे २०२४ मध्ये वेगळाच प्रकार समोर आला. निवडणुकीची तारीख जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी पंतप्रधानांच्या निकटच्या एका खासदाराने जुलैमध्ये निवडणूक होईल यावर पैसे लावले होते. चौकशीनंतर एप्रिल २०२५ मध्ये अशा पैजांवरून १५ जणांवर आरोप ठेवण्यात आले.

भाव कितीही अचूक असला तरी तो लावणाऱ्याच्या हातात निकाल आहे का, हा प्रश्न १७८५ मध्ये न्यायालयाने विचारला होता आणि तो आजही तोच आहे. फॉक्स यांच्याबाबत याची किंमत हरलेल्या गिनींपेक्षा मोठी होती. अमेरिकेचे युद्ध, कंपनीवरील नियंत्रण आणि गुलामांचा व्यापार या तीनही वादांत पुढे देश त्यांच्या बाजूला आला. पण ज्या डिसेंबरमध्ये हिंदुस्थानचा कारभार त्यांच्या शब्दावर ठरणार होता, तेव्हा त्या शब्दाला पुरेशी पत उरली नव्हती.